फोनवर दोनचे बटण

बेळगावला गेले की मावशी दर खेपेस एकच प्रश्न विचारते, "अगं, तुझी अमेरिका इंग्रजी ना? मग तिथे एवढी माणसे स्पॅनिश कशी बोलतात?" मी टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरात राहते. तिथे बँकेला फोन लावला, की इंग्रजीपाठोपाठ 'पारा एस्पान्योल, ओप्रीमा एल दोस', म्हणजे स्पॅनिशसाठी दोन दाबा, हे ऐकू येतेच. तोंडी उत्तर नेहमी अर्धवट राहते, म्हणून आता जरा सविस्तर लिहिते.

आमच्या भागात नंतर आली ती इंग्रजी. हे गाव स्पॅनिश राजवटीने १७१८ साली वसवले. टेक्सास मेक्सिकोतून फुटून १८४५ साली अमेरिकेत सामील झाले आणि १८४८च्या तहाने कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिकोसह अवाढव्य मुलूख अमेरिकेकडे गेला. माणसे जागची हलली नाहीत, सरहद्दच त्यांच्यावरून पुढे सरकली. १९५६ पाहिलेल्या बेळगावकरांना हे निराळे समजवायला नको.

मात्र तेवढ्यावर थांबणे लबाडीचे होईल. त्या मुलखात तेव्हा जेमतेम लाखभर मेक्सिकन राहत असतील. आज देशात घरी स्पॅनिश बोलणारे चार कोटींहून अधिक आहेत. ही भर नंतर येत गेलेल्यांची आहे : १९४२ ते १९६४ या काळात करारावर आणलेले मेक्सिकन शेतमजूर, १९५९च्या क्रांतीनंतर मायामी गाठणारे क्यूबन, यादवीतून निसटलेले साल्वादोरचे लोक. (पोर्तो रिकोचे लोक तर १९१७पासून अमेरिकेचेच नागरिक आहेत.)

"मग ते इंग्रजी शिकत नाहीत का?" हा मावशीचा पुढचा प्रश्न. शिकतात, आणि तिसऱ्या पिढीपर्यंत स्पॅनिश बहुधा विसरतातही. आमच्या शेजारच्या आजींना लहानपणी शाळेत स्पॅनिश बोलल्याबद्दल छड्या बसल्या, त्यामुळे त्या मुलांशी हट्टाने इंग्रजीतच बोलल्या. डिसेंबरात तामाले करताना त्या मक्याच्या पानावर पीठ थापत नातवाला "वेन, मिहो" अशी हाक मारतात आणि तो इंग्रजीत "आलो" म्हणतो. 'मला येत नाही' हेही धड सांगता न येणाऱ्या अशा मुलांना 'नो साबो' म्हणून चिडवतात; शुद्ध रूप 'नो से' आहे. या नातवाने यंदा शाळेत परकीय भाषा म्हणून स्पॅनिश घेतली आहे. गृहपाठ तो आजींकडे नेतो, पण त्यांना ती भाषा लिहायला कुणी शिकवलीच नव्हती, तेव्हा तो मोठ्याने वाचतो आणि त्या नुसत्या कानाने चुका काढतात.