मुक्कामी गाडीचे निरोप

जुन्या लग्नपत्रिकेवर यजमानांच्या नावाखाली फोन नंबर असायचा आणि त्यापुढे कंसात ‘पी. पी.’. माझ्या भाच्याला ती कुणाची तरी पदवी वाटली. त्याला सांगावं लागलं की फोन शेजारच्यांचा असायचा, फक्त पत्रिका आपली. फोन आला की शेजारच्या आबांचा मुलगा ओट्यावरून हाक मारायचा, आपण पायात चप्पल न घालता पळायचो. मग त्यांच्या बैठकीत उभं राहून, त्यांचं अख्खं घर जेवत असताना बोलायचं. नव्या सुनेला माहेरहून फोन आला तर ती “हो, बरी आहे” यापलीकडे काय बोलणार? तिकडून आई काय विचारत असेल ते सगळ्यांना कळायचं, आणि ती काय सांगत नाहीये तेही बहुतेकांना कळायचं.

“पूर्वी माणसं जवळ होती” असं कुणी म्हटलं की मला ही बैठक आठवते. माणसं जवळ होती हे खरंच. त्यांचे कानही तेवढेच जवळ होते.

आमचं गाव अमळनेर तालुक्यातलं. दिवसाकाठी एसटीच्या मोजक्याच फेऱ्या, आणि त्यांत मान मुक्कामी गाडीला. संध्याकाळी दिवेलागणीला ती यायची, ड्रायव्हर-कंडक्टर गावातच जेवून मारुतीच्या पारावर झोपायचे, आणि झुंजूमुंजू व्हायच्या आत गाडी तालुक्याला परत निघायची. प्रवाशांपेक्षा तिच्यात निरोप जास्त असत. औषधाची चिठ्ठी, शिलाई मशीनचा तुटलेला भाग, “असाच दुसरा आणा” म्हणून दिलेली मोटरीची वायसर. आणि तालुक्याला खोली करून शिकणाऱ्या पोरांचे डबे. फडक्यात बांधलेले, गाठीला चिठ्ठी अडकवलेले डबे ड्रायव्हरच्या मागच्या जागेत रांगेनं बसत. कुणाच्या डब्यात कळण्याची भाकरी, कुणाच्यात हिरव्या मिरचीचं भरीत. स्टँड येईपर्यंत कोणाकडे काय शिजलंय ते गाडीभर झालेलं असायचं. कुणी पैसे मागत नसे. दिवाळीत ड्रायव्हरच्या घरी फराळ जायचा, तेवढाच हिशेब.

निरोप मात्र गाठीत बांधता येत नसे, तो कंडक्टरच्या तोंडी जायचा. आमच्या गल्लीतल्या एकाच्या वडिलांनी सांगून पाठवलं, “शनिवारी ये, कापूस वेचायला माणसं नाहीत.” मधल्या थांब्यांवर कंडक्टरनं इतक्या जणांची तिकिटं फाडली, की स्टँडवर पोचेपर्यंत कापूस गळाला. “घरी बोलावलंय, माणसं नाहीत,” एवढंच पोराला मिळालं. ते पोर रडत रडत दुपारच्या गाडीनं आलं. बाप शेतात, आई चुलीपाशी, सगळे ठणठणीत. आल्यासारखा शनिवार होईपर्यंत राहिला आणि दोन ओळी वेचून गेला.

निरोपाला पत्ता लागत नसे, हे त्याचं सगळ्यात मोठं सुख. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला, पण “पिंपळापासच्या तात्यांच्या मधल्या आंडोरला सांगजो” (आंडोर म्हणजे मुलगा) हा पत्ता त्याहून खात्रीचा होता. अनोळखी पोरगं दिसलं की पहिला प्रश्न, “कोना रे तू?” बापाचं नाव सांगितलं की ओळख पटली. पुढे देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला तोही आमच्याच खानदेशात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी, २९ सप्टेंबर २०१० ला. आता बँकेत अंगठा ठेवला की यंत्राला सगळं कळतं. “तुझा आजा माझ्याबरोबर तालमीत होता” हे तेवढं त्याला कळत नाही.

अमळनेरात एसटीडी बूथ आले तेव्हा थोडी सोय झाली. काचेचं दार, आत लाल आकडे पळणारं मीटर. रात्री अकरानंतर दर पावावर यायचा म्हणून जेवून-खाऊन लोक तिथे जमायचे, सुरत-मुंबईला कामाला गेलेल्यांच्या घरचे जास्त. काचेतून आवाज यायचा नाही असं म्हणत, पण रांगेतल्या पहिल्या दोघांना सगळं ऐकू जायचं. गंमत अशी, की पुढे जगभर संगणकाची कामं करणारी विप्रो याच गावात १९४५ साली वनस्पती तुपाची कंपनी म्हणून जन्मली. तिचे जुने शेअर घरात असलेली माणसंही आमच्याबरोबर त्या रांगेत मुंबईची लाइन लागायची वाट बघत उभी असायची.

काही गोष्टींबाबत मला जुन्याचं काडीचंही कौतुक नाही. केळीवाल्यांचंच बघा. रावेर-सावद्याकडे आमचे नातेवाईक आहेत. पूर्वी व्यापारी बांधावर येऊन सांगेल तो भाव. खरा भाव पेपरात दिसेपर्यंत घड कापून ट्रकमध्ये चढलेले असत. आता बऱ्हाणपूरच्या लिलावाचा आकडा शेतकऱ्याच्या खिशात वाजतो. भाव त्यानं वाढत नाही, पण निदान फसवणाऱ्याला जरा जास्त मेहनत पडते.

आणि मरणाची बातमी. कोपरा फाडलेलं कार्ड आलं की पोस्टमन ते हातात न देता ओट्यावर ठेवायचा. वाचून तिथेच फाडायचं, घरात न्यायचं नाही. कार्ड पोचेपर्यंत कधी कधी दशक्रिया तोंडावर आलेली असे. लांब दिलेल्या लेकीला बापाचं तोंड दिसत नसे, ती थेट गंधमुक्तीच्या विधीला, सुतक फिटताना यायची. आज रात्री अडीचला फोन वाजतो आणि सकाळी लेक दारात असते. ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची एकाखाली एक रांग लागते, तिला आपण हसतो. पण त्याच ग्रुपवर अंत्ययात्रेची वेळ येते, आणि माणसं दारावर भेटायला जायची थांबलेली नाहीत. उलट आता कोण आलं नाही याला सबब उरलेली नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मात्र थोडं काहीतरी गेलं. माहेरी न्यायला भाऊ कोणत्या गाडीनं येणार हे माहीत नसायचं, म्हणून सासुरवाशीण प्रत्येक गाडीच्या वेळेला काहीतरी निमित्त काढून दारात. आता भाऊ निघाल्यापासून नकाशावर निळा ठिपका सरकताना दिसतो. पारोळ्याला चहाला थांबला तरी तिला कळतं, आणि “किती येय थांबना?” म्हणून तिथेच फोनवर भांडण होतं. तिला विचारलं तर ती म्हणेल, दारात ताटकळण्यापेक्षा हे बरं. मी तिच्याशी वाद घालणार नाही.

माझ्या मामीला लिहिता-वाचता येत नाही. तिचा मुलगा सुरतेला मिलमध्ये लागला तेव्हा तिची पत्रं मी लिहायचो. ती चुलीपुढे बसून सांगायची, “त्याले लिख, तुनी गह्यरी याद येस. म्हैस व्यायनी. तुना बाप बोलत नही, पन वाट देखस.” आणि मी शाळेत शिकवलेल्या नमुन्याप्रमाणे लिहायचो, “चि. भाऊस अनेक आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम आहे. तुझी आठवण येते. तिकडील खुशाली कळवावी.” म्हैस मी शेवटी बसवायचो, जागा उरली तर. बाप वाट बघतो हे मी कधी लिहिलंच नाही, ते पत्रात कसं लिहायचं असतं हे गुरुजींनी सांगितलेलं नव्हतं. वर्षानुवर्षं असंख्य बायकांचं बोलणं असंच कुणाच्या तरी पोराच्या हातून साफसूफ होऊन पोचलं. कवयित्री बहिणाबाई चौधरींनाही लिहिता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी जशाच्या तशा टिपून ठेवल्या म्हणून आपल्याला मिळाल्या. सगळ्यांच्या घरी सोपानदेव नव्हते.

मामीला आता नातवानं व्हॉइस मेसेज शिकवलाय. हिरवं बटण दाबून धरायचं आणि बोलायचं, बस. वहीतल्या नमुन्याची गरज नाही, कंडक्टरची नाही, माझी तर नाहीच. सकाळी उठून बघतो तो तिचे लागोपाठ पाच-सहा पडलेले. पहिल्यात कुकरच्या शिट्ट्या आणि “बठ्ठा बरा शेतस ना?” दुसऱ्यात शेजारणीची कागाळी, मध्येच आवाज दबलेला, कारण शेजारीण अंगणात आलीय. तिसऱ्यात बिबड्या (ज्वारीचे पापड) वाळत घातल्यात, ढग आलेत, नेणार कोण, म्हणजे आम्ही. चौथा नुसताच घरघर, बोट दाबलेलं राहिलं. आणि शेवटच्यात मागून मामांचा आवाज, “काय काय सांगस त्याले, बंद कर ते!” आणि तिचं तिथल्या तिथे उत्तर, “तुमी बोलत नही म्हनीसन मी बोलस!”

सुरतेचा मामेभाऊ ते मेसेज दुपारच्या सुट्टीत स्पीकरवर लावतो. त्याच्या बाजूच्या खात्यातले सगळे खानदेशी जेवता जेवता ऐकतात, आणि बिबड्यांची ऑर्डर देतात.