काटा पंचाहत्तरवर, गाडी साठवर

आमचा ट्रक 1990 चा जीप कोमांची. चार लिटरचं इंजिन, पाच गिअर, फोर व्हील ड्राइव्ह. डेन्व्हरमधल्या आमच्या मराठी ग्रुपात ‘तो डबडा’ म्हणूनच प्रसिद्ध आहे. कंपनीने त्याला 3.07 चं अ‍ॅक्सल गिअर दिलं होतं, म्हणजे चाकाचा एक फेरा व्हायला ड्राइव्हशाफ्टचे 3.07 फेरे. सपाटीला उत्तम, पेट्रोलही कमी पितो. पण आयझेनहॉवर बोगद्याकडे, 11,000 फुटांवर चढताना पाचवा गिअर नुसता शोभेला. त्यात नवऱ्याला 31 इंची टायर हवे होते. मग आणखीच दम लागला असता. म्हणून टायरबरोबर पुढच्या-मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलला 4.10 चे गिअर बसवून घेतले. फोर व्हीलमध्ये दोन्हीकडचं प्रमाण एकच लागतं, त्यामुळे खर्चही दुप्पट.

चढ आता मस्त चढतो. स्पीडोमीटर मात्र थापा मारायला लागला. इंटरस्टेट 76 वर काटा 75 वर धरला तरी सगळे मागून येऊन पुढे जात होते. नवऱ्याच्या हातात मोबाइलचं स्टॉपवॉच दिलं आणि रस्त्याकडेचे मैलाचे फलक मोजायला लावले. एक मैल, साठ सेकंद. म्हणजे खरा वेग ताशी साठ मैल.

लोक ‘मोठे टायर घातले की मीटर कमी दाखवतो’ एवढंच धरून बसतात. टायरपुरतं ते बरोबर आहे. पण या ट्रकची स्पीडोमीटर केबल ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटून देणारी पेटी) मागच्या टोकाला जोडलेली असते. तिथून पुढे अ‍ॅक्सलमध्ये कुठलं गिअर आहे, चाक केवढं आहे, हे तिला कळायचा मार्गच नाही. ती फक्त शाफ्टचे फेरे मोजते. आखूड गिअरने (म्हणजे 4.10 सारख्या मोठ्या आकड्याच्या) मैलामागचे फेरे वाढतात, मोठ्या टायरने कमी होतात. आमच्याकडे गिअरचं पारडं जड ठरलं.

टायरवर छापलेल्या 31 वर विश्वास ठेवू नका. हवा बरोबर भरून, टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण केली, ट्रक सरळ एक फेरा ढकलला आणि टेप लावली. 93 इंच भरले. जुन्या 225/75 मापाच्या टायरचे असेच 86 आले होते. आता हिशेब:

4.10 भागिले 3.07, गुणिले 86 भागिले 93. उत्तर 1.235, म्हणजे केबल पूर्वीपेक्षा इतक्या पट जास्त फिरते. तिला फिरवणाऱ्या जुन्या प्लॅस्टिकच्या पिनियनला (छोटं दातेरी चाक) 29 दाते; दाते वाढवले की केबल तेवढी हळू फिरते. 29 गुणिले 1.235 म्हणजे 35.8. तेव्हा 36 दात्यांचा पिनियन.

ओडोमीटरही याच केबलवर चालतो, म्हणून मला घाई होती. 100 मैल गेलो की तो साधारण 124 मोजत होता. मायलेज अचानक सुधारल्याचा आनंद नवऱ्याने दोन टाक्या भरेपर्यंत उपभोगला, मी बोलले नाही.

प्रत्यक्ष काम अगदी किरकोळ. ट्रकखाली झोपायचं, ट्रे ठेवायचा (थोडं तेल ठिबकतं), केबल सोडवायची, क्लॅम्पचा एकच बोल्ट काढायचा, पिनियन त्याच्या हाउसिंगसकट (बाहेरचं कवच) बाहेर ओढायचा. ओ-रिंग (तेल अडवणारं रबरी कडं) नवीन घालावी, जुनी कडक झालेली असते. खरी मेख पुढे आहे. हाउसिंगमधलं भोक मध्यावर नसतं. त्यावर 26-31, 32-38, 39-45 असे आकडे कोरलेले असतात आणि आपल्या पिनियनचा आकडा ज्या पट्ट्यात येतो, तो पट्टा बरोबर खाली, घड्याळातल्या सहाच्या जागी आणावा लागतो. 29 पहिल्या पट्ट्यात, 36 दुसऱ्या. तेव्हा हाउसिंग फिरवणं आलंच. तसंच दाबून बसवलं तर दाते नीट जुळत नाहीत आणि नवा पिनियन भुगा होऊन तेलात जातो. यूट्यूबवरचे भाऊ एवढीच गोष्ट सांगायला विसरतात.

नंतर पुन्हा त्याच रस्त्यावर, तेच फलक, तेच स्टॉपवॉच. काटा 60 वर, मैलाला साठ सेकंद.

नवरा आता 33 इंची टायर बघतोय. याच प्रमाणात त्यांचा एक फेरा साधारण 99 इंच भरेल, म्हणजे 34 दात्यांचा पिनियन लागेल. 34 पण 32-38 मध्येच येतो, तेव्हा निदान हाउसिंग फिरवायला नको. टायरचे पैसे मात्र त्याने स्वतःच्या बोनसमधून द्यायचेत.