कपाळावरचा आकडा

हृदयक्रिया बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या रुग्णाच्या बोटाला लावलेले यंत्र ९९ टक्के ऑक्सिजन दाखवत असले, की मेंदूचेही ठीक चालले असेल असे नातेवाइकांनाच काय, नव्या निवासी डॉक्टरांनाही वाटते. पुण्यातील आमच्या अतिदक्षता विभागात एका पहाटे या समजाला चांगलाच धक्का बसला.

रुग्ण पन्नाशीचे गृहस्थ होते. घरात कोसळताच मुलाने त्यांच्या छातीवर दाब द्यायला सुरुवात केली होती आणि कॅज्युअल्टीत शॉक दिल्यावर ठोके परतले. शुद्ध मात्र आली नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांनंतर अशा रुग्णांचे शरीर ३२ ते ३४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवण्याची पद्धत रूढ झाली. पुढे २०२१ च्या मोठ्या चाचणीत, नुसता ताप येऊ न देण्यापेक्षा ३३ अंशांचा अधिक फायदा दिसला नाही, त्यामुळे हा वाद अजून मिटलेला नाही. आमच्या वरिष्ठांनी ३३ अंश ठरवले. मी ३६ वर थांबलो असतो.

हृदयशस्त्रक्रियेच्या थिएटरमधून मेंदूतील ऑक्सिजन मोजणारा मॉनिटर मागवला. सिस्टरांनी कपाळावरचे अष्टगंध स्पिरिटने पुसून, कातडी कोरडी करून भुवयांच्या वर दोन्ही बाजूंना सेन्सर चिकटवले. त्यांतून निघणारा अवरक्त प्रकाश कवटीतून मेंदूच्या वरच्या थरापर्यंत पोहोचतो आणि परतलेल्या प्रकाशावरून तेथील रक्तातील ऑक्सिजनचा अंदाज घेतला जातो. हे रक्त बहुतांशी शिरांमधले, म्हणजे मेंदूने आपला वाटा काढून घेतल्यानंतरचे असल्यामुळे येथे ६० ते ७५ हा आकडा चांगला मानतात.

सुरुवातीला दोन्ही बाजूंना ६४ च्या आसपास आकडा होता. तापमान ३३ वर आले आणि तो हळूहळू ५१ पर्यंत घसरला. थंडीमुळे मेंदूची ऑक्सिजनची गरज अंशागणिक सुमारे ६ ते ७ टक्क्यांनी कमी होते, म्हणून ही घसरण खटकली. सेन्सर नीट चिकटलेले होते, रक्तदाबाची सरासरी ७२ होती, हिमोग्लोबिन १२ होते आणि बोटावर अर्थातच ९९. एबीजीमध्ये, म्हणजे धमनीतील रक्ताच्या वायूंच्या तपासणीत, कार्बन डायऑक्साइड २९ इतका कमी निघाला, तेव्हा उलगडा झाला. शरीर थंड झाल्यावर हा वायू कमी तयार होतो, पण व्हेंटिलेटर मात्र तापमान सामान्य असताना ठरवलेल्या वेगानेच तो बाहेर टाकत होता. आणि रक्तातील कार्बन डायऑक्साइड उतरला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. श्वासांची गती १८ वरून १४ केली. पुढच्या एबीजीत कार्बन डायऑक्साइड ३९ आला, तोपर्यंत मॉनिटरवर ६१ दिसू लागले होते.

“डॉक्टर, आकडा वाढला म्हणजे बाबा शुद्धीवर येणार ना?” मुलाने विचारले. तसे मी त्याला सांगू शकत नव्हतो. हे सेन्सर कपाळामागचा भागच पाहतात, मेंदूच्या खोल भागात काय झाले आहे ते त्यांना कळत नाही, आणि अंदाज बांधण्यासाठी शरीर पुन्हा उबदार होऊन झोपेच्या औषधांचा अंमल उतरेपर्यंत थांबावेच लागते.

तासाला पाव अंश या गतीने तापमान वाढवताना त्यांना हुडहुडी भरली, ऑक्सिजनचा खप वाढला आणि आकडा पुन्हा थोडा उतरला. औषधाचा डोस वाढवल्यावर तो स्थिरावला. औषधे बंद केल्यानंतर दुसऱ्या दिवशी आम्ही सांगितल्यावर त्यांनी जीभ बाहेर काढली. याचे श्रेय आमच्या मॉनिटरला देणाऱ्या सहकाऱ्याशी मी तेव्हाही सहमत नव्हतो. कोसळल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत मुलाने जे केले, त्याचा वाटा मला कितीतरी मोठा वाटतो.