माळवदावरची माती

"रविवारी सकाळी दुसऱ्याच्या माळवदावर चढून तुम्हाला मिळतं तरी काय?" ओळखीचे बरेच जण विचारतात. परवा दुधाच्या रांगेत तुम्हीही विचारलंत. तिथं उभ्याउभ्या सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून हे लिहितोय.

सोलापुरात कसब्यात आमचा वाडा होता. वडील होते तोवर मृगाच्या आधी माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, पांढरी माती पडायचीच. ते गेले, आम्ही भाऊ जुळे सोलापुरात फ्लॅटवर आलो आणि माती टाकायची राहून गेली. एक वर्ष, मग दुसरं. तुळया, त्यावर किलचन म्हणजे लाकडी पट्ट्या, कडुलिंबाचा पाला आणि वर जाड मातीचा थर, एवढंच ते छत. पाणी एकदा किलचनात उतरलं की तुळईचं भिंतीत गेलेलं टोक कुजायला लागतं, खालून काही कळत नाही. चौथ्या पावसाळ्यात माजघर बसलं. लोक म्हणाले, नशीब, आत कुणी नव्हतं. आत कुणी नव्हतं म्हणूनच तर बसलं.

जुन्या पेठांत आता हेच चाललंय. १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल आणि तिच्यामागून आलेल्या मिलांच्या भोंग्यांवर हे गाव उठायचं, जेवायचं. मिला बंद पडल्या, पोरं पुण्याला गेली, उरलेली होटगी रस्त्याला, विजापूर रस्त्याला. नवी पेठेत आजही पाय ठेवायला जागा नसते, पण दुकानांच्या वरचे मजले बघा. खिडक्या वर्षानुवर्षं उघडलेल्या नाहीत.

"हे सरकारनं करायचं" असंही ऐकवतात. भुईकोट किल्ल्याला पुरातत्त्व खातं आहे. अप्पासाहेब वारदांच्या इंद्रभुवनाला महापालिका आहे, आणि तिथलं जतनाचं काम चांगलं झालंय, हे मान्य केलंच पाहिजे. पण चाटी गल्लीच्या मागच्या एखाद्या वाड्याला कोण? त्याला अकरा वारस असतात आणि अकरांपैकी एकाचीही सही मिळत नाही.

त्या सह्या आम्हालाही मिळत नाहीत. आम्ही सात-आठ जण फक्त जिथं अजून कुणीतरी राहतं तिथं जातो. गवत उपटतो, पन्हाळातला कचरा काढतो, घमेल्यानं माती वर चढवतो. पिंपळ बोटभर असतानाच मुळासकट काढावा लागतो. नुसता वरून छाटला तर तो आत जाड होतो आणि दगड उचकटतो. पहिल्या वर्षी आम्ही शहाणपणा करून एका जोत्याला सिमेंट फासलं. दिसायला झकास. दुसऱ्या उन्हाळ्यात ओल वरच्या दगडांत चढली आणि त्यांचे पापुद्रे सुटायला लागले. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, सिमेंट ओल आत कोंडून ठेवतं. तिथल्या म्हाताऱ्या गवंड्यानं हे आधीच सांगितलं होतं, आम्ही ऐकलं नाही. आता चुना तोच मळून देतो आणि शिव्याही तोच देतो: "काय करालास बे, पाणी जास्त झालं!"

संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते, त्यात मात्र हे गाव मला पूर्वीसारखं दिसतं. नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, बाळीवेशीतल्या हिरेहब्बू वाड्यातून निघतात, गावातल्या अडुसष्ट लिंगांना फिरतात आणि ती मिरवणूक या जुन्या गल्ल्यांतूनच जाते. रस्ताभर रांगोळी, दारोदारी माणसं. त्या दिवसांत ज्या दाराला कुलूप दिसतं ते मी वहीत टिपून ठेवतो. वही जाडच होत चाललीय.

तर मिळतं काय? खरं सांगायचं तर पाठदुखी. आणि कधीतरी फोन. गेल्या जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री शुक्रवार पेठेतल्या एका आजींचा आला. पंच्याऐंशीच्या पुढच्या, वाड्यात एकट्याच असतात. मागे पाणी कोसळल्याचा आवाज येत होता.

"तम्मा, ऐक," म्हणाल्या आणि फोन दाराबाहेर धरला. "पन्हाळातनं पडालंय. आत टिपूस नाही." मग जरा थांबून, "जिन्याच्या कोपऱ्यात तेवढं गळालंय. रविवारी येशील न्हवं?"