पैशाचा प्रश्नच नसता तर कुठली सुरी घ्याल?

जून उजाडला की अटलांटात ब्लेड शो भरतो. तीन दिवस, एक अवाढव्य हॉल आणि जिकडे बघावं तिकडे चाकूंनी भरलेली टेबलं. आपल्याकडे चाकू म्हटलं की एक तर आंबा आठवतो, नाहीतर पोलीस. इथे निवृत्त शिक्षक, डेंटिस्ट, शेतकरी, ट्रकवाले असे सगळे टेबलांवर वाकून पाती न्याहाळत असतात, तेही हात मागे बांधून. घामाच्या बोटाने पोलादावर डाग पडतो, आणि त्या पात्याची किंमत कधी कधी बाहेर उभ्या असलेल्या आपल्या गाडीहून जास्त असते.

मला तिथे नेलं ते ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने. पक्का जॉर्जियाचा गडी, दर थंडीत हरणाच्या शिकारीला जाणारा. या मंडळींचा रांगेत उभं असतानाचा एक आवडता खेळ आहे: पैशाचा प्रश्नच नसता तर कुठली सुरी घेतली असतीस? मला वाटलं, आता सोन्याची मूठ, माणकं, मॅमथचा सुळा असलं काहीतरी ऐकायला मिळणार. तशा सुऱ्या असतातही, काचेच्या पेटीत. पण त्यांच्यासमोर लोक फोटो काढतात आणि पुढे सरकतात. मी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांची उत्तरं भलतीच साधी निघाली.

सहकाऱ्याचं उत्तर तयारच होतं: बॉब लव्हलेसची ‘ड्रॉप पॉइंट हंटर’. दिसायला अगदी सोज्वळ सुरी. तळहाताएवढं पातं, टोक पाठीच्या रेषेपासून किंचित खाली उतरलेलं. हरणाचं पोट उघडताना टोक आतड्यात घुसू नये म्हणून ही योजना. मुठीच्या दोन पट्ट्यांमधून पोलाद थेट शेवटपर्यंत जातं, पण मागे जाता जाता निमुळतं होतं, त्यामुळे मूठ जड होत नाही. लव्हलेस आधी बोटीवर नोकरीला होता. 1954 साली न्यूयॉर्कच्या एका दुकानात तो रँडल कंपनीचा चाकू घ्यायला गेला. नऊ महिने थांबावं लागेल म्हणाले, तर पठ्ठ्याने भंगारातल्या मोटारीची स्प्रिंग उचलली आणि स्वतःच चाकू केला. गंमत म्हणजे पुढे त्याच्याच सुऱ्यांसाठी लोक वर्षानुवर्षं ताटकळले. 2010 मध्ये तो गेला. आता नवी सुरी घडवून घेता येत नाही, जुनीच हजारो डॉलर मोजून घ्यायची.

दुसरं उत्तर एका हॉटेलात आचारी असलेल्या बाईंचं. त्यांना हवी होती बॉब क्रेमरची स्वयंपाकघरातली सुरी. क्रेमर एके काळी सर्कशीत विदूषक होता, मग आचारी झाला, मग सिअॅटलमध्ये हॉटेलांच्या सुऱ्यांना धार लावून देऊ लागला आणि शेवटी लोहार! त्याने शेफ अँथनी बोर्डेनसाठी अशनीचं लोखंड घालून एक सुरी केली होती. बोर्डेनच्या मृत्यूनंतर 2019 मध्ये तिचा लिलाव झाला आणि बोली 2,31,250 डॉलरवर थांबली. मी बाईंना विचारलं, एवढ्या किमतीच्या सुरीने कांदा चिराल? त्या म्हणाल्या, ‘नाही चिरला तर घेऊ कशाला?’

हा इथला जुना वाद आहे. काही जणांच्या सुऱ्या तिजोरीत असतात, वर्षातून एकदा तेल लावून परत आत. माझं मत विचाराल तर तो सुरीचा छंद नव्हे, तिजोरीचा. कारण घडवणाऱ्याची परीक्षा कशी होते ते एकदा ऐका.

अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी ही 1976 पासूनची लोहारांची संघटना. तिथे पदवी हवी असेल तर स्वतः घडवलेली सुरी घेऊन परीक्षकासमोर उभं राहायचं. आधी वरून लोंबकळणारा इंचभर जाडीचा दोर एका घावात तोडायचा, खालचं टोक मोकळंच. मग बांधकामाची लाकडी फळी त्याच धारेने दोनदा आरपार तोडायची. लगेच त्याच पात्याने हातावरची लव काढून दाखवायची, म्हणजे धार बोथट झाली नाही हे कळतं. शेवटी पातं शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, पकडून काटकोनात वाकवायचं. तुटलं की नापास. धार कडक आणि पाठ मऊ, असं पाणी ज्याला एकाच पात्याला देता येतं तोच यातून सुटतो. आणि पास झाला तरी ती सुरी गेली ती गेलीच, वाकडी होऊन बसते. मास्टर व्हायचं तर हेच सगळं थरांच्या पोलादाने करून दाखवायचं, शिवाय किमान तीनशे थरांचा एक खंजीर घडवून तज्ज्ञांपुढे ठेवायचा. दोन जातींचं पोलाद तापवून, ठोकून एकजीव करायचं, कापायचं, पुन्हा एकावर एक ठेवायचं. लच्छा पराठाच, फक्त पांढऱ्या आचेवरचा. मग आम्लात बुडवलं की एक थर काळा पडतो, निकेलवाला चकाकत राहतो, आणि नक्षी उमटते.

याला ते दमास्कस म्हणतात. बिल मोरान नावाच्या मेरिलँडच्या लोहाराने 1973 मध्ये कॅन्सस सिटीच्या प्रदर्शनात अशी पाती मांडली आणि अमेरिकेत ही कला पुन्हा सुरू झाली. पण जुन्या दमास्कसच्या तलवारींची जात वेगळी. ते मुशीत वितळवलेलं पोलाद, आणि ते आपल्या दक्षिणेतून, तेलंगण-तमिळनाडूकडून बाहेर जायचं. एका म्हाताऱ्या लोहाराने मी भारतातली आहे कळल्यावर ऐरणीवरून हात काढून माझ्याशी शेकहँड केला. माझा पोलादाशी संबंध कणकवलीच्या विळीपुरता, हे त्याला सांगायला जीभ रेटेना.

पण विषय निघालाच. तुझी सुरी कुठली, असं त्याने विचारलं आणि मी फोनवर विळीचा फोटो दाखवला. पातं स्थिर, भाजी हलते, दोन्ही हात मोकळे! त्याने चष्मा चढवला आणि सरबत्ती सुरू केली. धार एका बाजूने की दोन्ही बाजूंनी? बसणाऱ्याचं वजन पाटावर किती येतं? कैरी, कोकम लागत असेल तर साधं पोलाद काळं पडेल, चालेल का? नारळ खवायच्या दात्यांपाशी तर तो अडलाच. दाते फार कडक केले तर करवंटीवर टवका उडेल, मऊ ठेवले तर महिन्यात गुळगुळीत. मग म्हणाला, दाते वेगळे करू, वेगळं पाणी देऊ आणि रिव्हेट मारून बसवू.

किंमत सांगितली ती मुंबईचं जाऊन-येऊन तिकीट निघेल एवढी. मी हो म्हटलं. घरी नवऱ्याला अजून आकडा सांगितलेला नाही.

आईला मात्र फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं, किंमत सोडून. मग म्हणाली, ‘पाट फणसाचा सांग हां. आणि त्याला म्हणावं पातं घट्ट बसव, आपलं खवताना डुलतं.’ लोहाराला घट्ट बसवण्याचं लगेच पटलं. फणसाचं लाकूड मात्र त्याने कधी पाहिलेलंच नाही. दक्षिण फ्लोरिडात फणस लावतात म्हणे. तिकडे कुणाच्या ओळखीत एखादं झाड पाडलं जाणार असेल तर मला जरूर कळवा. दोन फुटांची फळी पुरेल.