ग्रॅमपासून अणूंपर्यंत: मोलची गणितं मला कशी जमली

मोल म्हणजे कण मोजायचं एकक: एका मोलमध्ये ६.०२२ × १०²³ कण, आणि हीच संख्या म्हणजे ॲव्होगॅड्रो स्थिरांक. मोलर वस्तुमान म्हणजे एका मोलचं वस्तुमान. मोलच्या गणितांत सूत्रं दोनच. वस्तुमानाला मोलर वस्तुमानाने भागलं की मोल मिळतात आणि मोलला ॲव्होगॅड्रो स्थिरांकाने गुणलं की कणांची संख्या. तरीही गणित समोर आलं की माझं पेन अडायचं, कारण कुठे गुणायचं आणि कुठे भागायचं हेच ठरत नसे. त्रिकोणात तीन राशी लिहायच्या आणि हवी ती बोटाने झाकायची, ही युक्ती मलाही शिकवली होती. तिने उत्तर येतं, पण का येतं ते कळत नाही. प्रश्न जरा फिरवून विचारला की त्रिकोण काही बोलत नाही.

सुटका केली ती एककांनी. प्रत्येक आकड्यापुढे त्याचं एकक लिहायचंच, अशी सवय मी लावून घेतली. समजा, ५.४ ग्रॅम ॲल्युमिनिअममध्ये अणू किती, असं विचारलंय. ॲल्युमिनिअमचं मोलर वस्तुमान २७ ग्रॅम प्रति मोल. मला ग्रॅम घालवायचेत, म्हणजे भागायला हवं. ग्रॅमला ग्रॅम कटले, उरले ०.२ मोल. स्थिरांकाचं एकक आहे 'अणू प्रति मोल'. आता मोल घालवायचेत, तर गुणायचं: ०.२ × ६.०२२ × १०²³, म्हणजे १.२०४ × १०²³ अणू. उलट जायचं असेल तर हाच रस्ता मागे चालायचा. ग्रॅमवरून थेट अणूंवर उडी मारायला मी जातच नाही. मधलं मोलचं स्टेशन घेतलं की गोंधळ होत नाही.

एक गोष्ट मात्र बराच काळ खटकत होती. ॲल्युमिनिअमच्या एका अणूचं वस्तुमान २७ डाल्टन आणि एका मोलचं २७ ग्रॅम. आकडा तोच कसा? एक डाल्टन म्हणजे १.६६ × १०⁻²⁴ ग्रॅम. त्याला ६.०२२ × १०²³ ने गुणून बघा, उत्तर १ येतं. योगायोग वगैरे काही नाही, डाल्टनचे ग्रॅम व्हावेत म्हणूनच ही संख्या. पूर्वी १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू तितके कण म्हणजे एक मोल, अशी व्याख्या होती. २० मे २०१९ पासून संख्याच पक्की ठरवून टाकली आहे: ६.०२२१४०७६ × १०²³. गंमत म्हणजे ही संख्या ॲव्होगॅड्रो या शास्त्रज्ञाने काढलेली नाही. १८११ साली त्याने मांडलं ते एवढंच, की तापमान आणि दाब सारखे असतील तर समान आकारमानाच्या वायूंत रेणूंची संख्या समान असते. संख्येला त्याचं नाव दिलं फ्रेंच शास्त्रज्ञ झाँ पेरँ यांनी, १९०९ मध्ये.

मोल म्हणजे मोठा डझन, असं समजावतात. ठीक आहे, पण डझन मोजता येतो, मोल तोलावाच लागतो. सगळी गणितं जन्माला येतात ती त्यामुळेच.

खरी मेख पुढे आहे: कण कोणता? १६ ग्रॅम ऑक्सिजन म्हणजे ऑक्सिजनच्या अणूंचा १ मोल, पण रेणूंचा अर्धाच, कारण एका रेणूत दोन अणू. प्रश्नात 'अणू' आहे की 'रेणू', याखाली मी आधी रेघ मारते आणि मगच आकड्यांना हात लावते.

याचा कस लागला मोरचुदावर. निळ्या मोरचुदाच्या स्फटिकात कॉपर सल्फेटच्या एका एककामागे पाण्याचे पाच रेणू असतात. बेरीज: तांबं ६३.५, गंधक ३२, ऑक्सिजनचे चार अणू ६४, पाणी ९०, एकूण २४९.५ ग्रॅम प्रति मोल. आता २४.९५ ग्रॅम मोरचूद घेतलं तर ०.१ मोल. त्यात ऑक्सिजनचे अणू किती? सल्फेटमधले चार आणि पाण्यातले पाच, असे नऊ. म्हणजे ०.९ मोल, ५.४२ × १०²³ अणू, वस्तुमान १४.४ ग्रॅम. निळ्या रंगाचं श्रेय तांब्याला, आणि तांबं भरतं जेमतेम ६.३५ ग्रॅम, निम्म्याहून जास्त वजन ऑक्सिजनचंच! तापवून सगळं पाणी घालवलं की पांढरी भुकटी उरते, १५.९५ ग्रॅमची. कॉपर सल्फेटचे मोल मात्र ०.१च. हे एक उदाहरण नीट सोडवलं आणि रासायनिक सूत्रात अक्षरांच्या खाली लिहिलेल्या बारक्या आकड्यांची भीती गेली.

उत्तराचा अंदाज आधी बांधणंही उपयोगी पडतं. १० ग्रॅम लिथिअम आणि १० ग्रॅम शिसं यांत अणू कुठे जास्त? शिशाचा अणू लिथिअमच्या सुमारे तीसपट जड, म्हणून लिथिअममध्ये अणू तीसपट. कागदावर याच्या उलट काही आलं तर गणित पुन्हा तपासायचं.

राहता राहिला कॅल्क्युलेटर. सोन्याच्या एका अणूचं वस्तुमान काढायला १९७ ला ६.०२२ × १०²³ ने भागायचं. छेदाला कंस न घालता हे तसंच दाबलं तर यंत्र आधी ६.०२२ ने भागतं आणि मग १०²³ ने गुणतं. उत्तर ३.२७ × १०²⁴ ग्रॅम, म्हणजे सोन्याचा एकच अणू चंद्राच्या सुमारे बाविसाव्या भागाइतका! खरं उत्तर ३.२७ × १०⁻²² ग्रॅम. मी छेदाला कंस घालते, किंवा '× १० चा घात' एकत्र भरणारी वेगळी कळ (EXP) वापरते.