उडणाऱ्या किड्यांसोबत एकाच खोलीत

भिंतीवर पंख पसरून बसलेल्या पतंगाकडे मी हल्ली बराच वेळ पाहू शकते. तो उडाला की मात्र अजूनही आधी अंग आक्रसते आणि विचार मागाहून येतो. ज्यांना ही भीती नाही त्यांना ती समजावून सांगणे अवघड जाते, कारण ‘एवढासा जीव, तो तुझे काय वाकडे करणार?’ हा त्यांचा प्रश्न रास्त असतो आणि त्याचे उत्तर ‘काहीही नाही’ हेच आहे, हे घाबरणाऱ्यालाही ठाऊक असते. पतंग चावेल किंवा डसेल असे मला कधीच वाटले नाही. तो कोणत्या क्षणी उडेल, उडाल्यावर कोणीकडे वळेल आणि चेहऱ्यावर, केसांत किंवा मानेवर येऊन फडफडेल का, यातले काहीच आधी सांगता येत नाही, ते असह्य होते. त्यात किळसही मिसळलेली असते: बोटांना लागणारी भुकटी, जाडसर केसाळ धड, कानाजवळचा तो आवाज. प्राण्यांविषयीच्या भयगंडांत भीती आणि शिसारी यांची अशी सरमिसळ पुष्कळदा आढळते, आणि नुसत्या युक्तिवादाने ती हटत नाही याचे एक कारण तेच असावे.

भयगंड हा शब्द मात्र जपून वापरायला हवा. किडे न आवडणे हा काही आजार नव्हे. भीती सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकली, प्रत्यक्ष धोक्याच्या मानाने ती फार मोठी असली आणि तिच्यामुळे रोजचे जगणे अडू लागले, तरच मानसोपचारात तिला विशिष्ट भयगंड म्हणतात. यातले जगणे अडणे माझ्या बाबतीत इतके हळूहळू घडले की ते लक्षातच आले नाही. दिवेलागणीच्या आधी खिडक्या लावून घ्यायच्या, कोणत्याही खोलीत शिरताच छत, कोपरे आणि पडद्यांच्या चुण्या न्याहाळायच्या, दिव्याच्या थेट खाली बसायचे नाही, उघड्यावरच्या रात्रीच्या कार्यक्रमांना काही ना काही निमित्त काढून जायचे टाळायचे, आणि एवढे करूनही किडा आलाच तर घरातल्या कुणाला तरी हाक मारून आपण पलीकडच्या खोलीत दार लावून थांबायचे, असा एक दिनक्रमच तयार झाला होता. मानसशास्त्रज्ञ होबार्ट मौरर यांनी १९४७ साली मांडलेली उपपत्ती वाचली तेव्हा त्यात मला माझे दार लावून थांबणे दिसले. भीती जडते एका कारणाने आणि टिकून राहते दुसऱ्या कारणाने, असे ते म्हणतात. पळ काढल्यावर मिळणारी सुटकेची भावनाच पळण्याचे बक्षीस ठरते आणि पुढच्या वेळी पाय आणखी लवकर उचलतात. मी दर वेळी खोलीबाहेर पडले तेव्हा ‘आत राहिले असते तर काय झाले असते’ हे कळण्याची संधीही दाराआड राहून गेली.

वाचनाचा उपयोग झाला, पण ज्यासाठी वाचायला घेतले त्यासाठी नव्हे. पतंग निरुपद्रवी असतात याची खात्री मला हवी होती आणि ती सहज मिळाली. आजवर नोंदल्या गेलेल्या सुमारे १,६०,००० जातींपैकी बहुतेकांच्या प्रौढांना चावण्याजोगे जबडेच नसतात. सोंड असते ती मधुरस शोषण्यापुरती. ॲटलास पतंगासारख्या काही मोठ्या जातींच्या प्रौढांना तर काही खाताच येत नाही, अळी असताना साठवलेल्या चरबीवर ते आपले थोड्या दिवसांचे आयुष्य काढतात. बोटांना लागणारी भुकटी म्हणजे पंखांवरचे सूक्ष्म खवले. ते सहज गळतात म्हणून कोळ्याच्या जाळ्याला चिकटलेला पतंग पुष्कळदा सुटून जातो. (केसाळ अळ्यांना हात लावू नये, हे खरे, काहींच्या केसांनी त्वचेवर पुरळ उठते. पण तो विषय उडणाऱ्या किड्यांचा नव्हे.)

दिलासा मिळाला तो त्यांच्या वेड्यावाकड्या उडण्याचे कारण कळल्यावर. अनेक पतंगांना कान असतात आणि त्या कानांचे मुख्य काम वटवाघळांच्या, माणसाला ऐकू न येणाऱ्या, उच्च कंप्रतेच्या हाका टिपणे हे असते. काही कुळांत प्रत्येक कानात या कामासाठी अवघ्या दोन चेतापेशी असतात आणि तेवढ्यांवर त्यांचे भागते: वटवाघूळ दूर असेल तर पतंग दिशा बदलतो, अगदी जवळ आले तर गिरक्या घेत किंवा पंख मिटून सरळ खाली कोसळतो. ज्या अनिश्चिततेने माझी झोप उडवली होती, ती त्याची जीव वाचवण्याची युक्ती होती. दिव्याभोवतीच्या घिरट्यांचेही तसेच आहे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील आणि इतर ठिकाणच्या संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी केलेल्या चित्रणाचा अभ्यास जानेवारी २०२४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात दिसते ते असे, की किडे दिव्याकडे थेट झेपावत नाहीत, ते आपली पाठ उजेडाकडे वळवत राहतात. रात्रीही आकाश जमिनीपेक्षा उजळ असते, म्हणून पाठ उजेडाकडे ठेवली की वर कुठे आणि खाली कुठे हे त्यांना आपोआप कळते. माणसाच्या दिव्याजवळ हा नियम फसतो, ते त्याच्याभोवती फिरत राहतात आणि दिव्याच्या वरून जाताना कधी चक्क उलटे होऊन खाली पडतात. माझ्या अंगावर चाल करून येणारा पतंग हा वस्तुतः तोल हरवलेला पतंग होता आणि मी त्याच्या वाटेत उभी होते. यातून एक व्यावहारिक गोष्टही हाती लागली. खोलीतला दिवा बंद करून बाहेरचा लावला आणि खिडकी उघडली, तर पाहुणा बहुधा स्वतःच निघून जातो.

एवढे कळल्याने छातीतली धडधड कमी झाली नाही. ती चालू असताना मनाशी म्हणायला एक खरे वाक्य मिळाले, इतकेच. शरीराला पटवायचे तर त्याला प्रत्यक्ष तिथे न्यावे लागते, आणि ही पद्धत बरीच जुनी आहे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाची भीती घालवल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. मूल आवडीचे खात असताना ससा हळूहळू जवळ आणला जाई. जोसेफ वोल्पे यांनी १९५८ च्या ग्रंथात या कल्पनेला पद्धतशीर उपचाराचे रूप दिले, आणि लार्स-योरान ओस्ट यांनी १९८९ मध्ये हेच काम तीन तासांपर्यंतच्या एकाच बैठकीत कसे करता येते ते दाखवले. मी सावकाशीचा मार्ग निवडला. समुपदेशकांच्या मदतीने माझ्या भीतींची एक उतरंड लिहून काढली आणि प्रत्येकीला शून्य ते शंभर यांतला एक आकडा दिला.

उतरंड कागदावर सरळ दिसते, पण चढताना तिचा क्रम बदलतो. छायाचित्रे मला वाटली होती त्याहून सोपी गेली. चित्रफीत आवाज बंद करून पाहणे जमले. आवाज सुरू करताच आकडा जवळपास दुप्पट झाला, आणि भीतीचा किती मोठा भाग कानांतून येतो ते तेव्हा समजले. झाकणबंद बरणीतला जिवंत पतंग खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून बसणे मी सर्वांत कठीण मानले होते. प्रत्यक्षात ती बरणी हातात धरल्यावर काचेतून बोटांना जाणवणारी पंखांची थरथर त्याहून कठीण निघाली. त्या पायरीवर मी पुष्कळ दिवस रेंगाळले.

सर्वांत उपयोगी पडली ती एक साधी सवय: प्रत्येक सरावाआधी नेमके काय होईल असे वाटते ते लिहून ठेवायचे. माझे वाक्य ठरलेले असे, ‘तो माझ्या चेहऱ्यावर येईल आणि मला ते सहन होणार नाही.’ भीती उतरेपर्यंत थांबा, असे पूर्वी सांगत. मिशेल क्रॅस्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांची अलीकडची मांडणी मात्र अशी आहे, की बैठकीत भीती किती उतरली यापेक्षा आपला अंदाज किती खोटा ठरला याला अधिक महत्त्व आहे. एकदा मोकळा सोडलेला पतंग खरोखरच माझ्या गालावर आपटला. वाक्याचा पूर्वार्ध खरा ठरला आणि उत्तरार्ध खोटा. मी किंचाळले, खुर्ची मागे सरली, आणि थोड्या वेळाने मी त्याच खुर्चीवर बसलेली होते. तोपर्यंतच्या सगळ्या शांत सरावांनी दिले नव्हते ते त्या एका धडकेने दिले.

दीर्घ श्वसनाविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. ते चांगलेच आहे, पण ‘मी श्वास मोजत होते म्हणून वाचले’ असे मनाला वाटू लागले तर तेही डोक्यावर ओढून घेतलेल्या टोपीसारखे संरक्षण बनते आणि पतंग निरुपद्रवी असल्याचे श्रेय त्याला न मिळता श्वासाला मिळते. खिडकीच्या जाळीला मात्र मी पळपुटेपणा मानत नाही. डास सर्वांनाच नको असतात. पिवळसर उजेडाच्या दिव्यांकडे निळसर उजेडाच्या मानाने कमी किडे येतात, हेही वापरायला हरकत नाही. माझी कसोटी एवढीच आहे, की जाळी नसलेल्या खोलीतही मला बसता यायला हवे.

भीती परतते. मार्क बाउटन यांच्या संशोधनानुसार जुने शिकणे पुसले जात नाही, त्याच्या शेजारी नवे शिकणे उभे राहते, आणि ते ज्या ठिकाणी घडले त्या ठिकाणाशी बांधलेले असते. म्हणून एका खोलीत जमलेले दुसऱ्या खोलीत, प्रवासात किंवा थकलेल्या रात्री जमेलच असे नाही, आणि सराव निरनिराळ्या जागी करावा लागतो.

मधमाश्या आणि गांधीलमाश्या यांना ही पद्धत जशीच्या तशी लावू नये. त्यांचा डंख खरा असतो, काहींना त्याची जिवावर बेतणारी ॲलर्जी असते, आणि अशा माणसाने आधी डॉक्टरांशी बोलायला हवे. बाकीच्यांनी त्यांच्याशी हात न झटकता शांतपणे दूर होण्याचा सराव केला तरी पुरे.

घरात मूल असेल तर या सगळ्याला आणखी एक कारण मिळते. स्टॅन्ली रॅकमन यांनी १९७७ मध्ये भीती लागण्याच्या तीन वाटा सांगितल्या: स्वतःचा अनुभव, दुसऱ्याला घाबरताना पाहणे आणि ऐकीव माहिती. यांतली दुसरी वाट मोठ्या माणसाच्या एका किंकाळीने तयार होऊ शकते. म्हणून मुलासमोर मी जे करते आहे ते बोलून दाखवते, ‘पतंग आला आहे, मी दिवा बंद करते, खिडकी उघडते,’ आणि आवाज थोडा कापला तरी वाक्य पूर्ण करते. मूल मग बहुधा त्याचे कान कुठे आहेत, तो काय खातो, तो उलटा का पडला, असे विचारत सुटते, आणि निदान या प्रश्नांची उत्तरे मला आता देता येतात.